ईएलसीबी काढून 'डायरेक्ट' केलेली वीज, आणि घरातल्या वस्तूंबद्दल निदान काय माहीत हवं

प्रश्न: मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर जुना वन-बीएचके घेतला आहे. पाऊस सुरू झाल्यापासून बऱ्याचदा सकाळी सगळ्या घराची वीज जायची. इलेक्ट्रिशियन आला, 'ईएलसीबी खराब झालाय' म्हणाला आणि तो बाजूला काढून वायर सरळ जोडून गेला. आता वीज जात नाही. असं चालेल का? आम्हा दोघांनाही घरातल्या कुठल्याच वस्तूचं काही कळत नाही. निदान काय शिकून घ्यावं?

उत्तर:

चालणार नाही. आजच्या आज ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारी बोर्डातली डबी, परत जोडून घ्या आणि तोपर्यंत गिझर वापरू नका, पाणी गॅसवर तापवा. घरात कुठेतरी करंट गळतोय हे ती डबी तुम्हाला सकाळी सकाळी सांगत होती. ती काढल्याने गळती थांबली नाही, ती आता नुसती कळेनाशी झाली आहे.

वस्तू स्वतः दुरुस्त करता यायला हवी असं मुळीच नाही. पण ती बंद कुठून करायची, नीट चालत असते तेव्हा कशी दिसते आणि तिच्यातला जीव वाचवणारा भाग कोणता, हे वापरणाऱ्याला ठाऊक असलंच पाहिजे. नाहीतर तुमच्याकडे झालं तसं होतं: तोच भाग कोणीतरी काढून नेतो आणि आपण त्याचे पैसेही देतो.

ईएलसीबी (डबीवर आरसीसीबी छापलेलं असतं) काय करतो ते बघा. फेजमधून जेवढा करंट घरात जातो तेवढाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. कमी परत आला तर उरलेला कुठून तरी जमिनीत जातोय: ओल्या भिंतीतून, गिझरच्या टाकीतून किंवा एखाद्या माणसाच्या अंगातून. घरगुती डबीवर ३० मिलीअँपिअर लिहिलेलं असतं. फरक तेवढा झाला की ती सेकंदाच्या काही दशांशात वीज तोडते. साधारण १० मिलीअँपिअरलाच माणसाच्या हाताची पकड सुटेनाशी होते आणि ३० च्या वर हृदयाला धोका सुरू होतो, म्हणून हा आकडा. १०० किंवा ३०० मिलीअँपिअरची डबी मिळते, पण ती आग टाळण्यासाठी असते, माणसासाठी नाही. नवीन घ्यावी लागली तर दोन पोलची (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारी), ३० मिलीअँपिअरची घ्या, आणि तिचे अँपिअर तुमच्या मेन एमसीबीपेक्षा (जादा करंट गेला की पडणारा स्विच) कमी नसावेत.

तिच्यावर 'टी' लिहिलेलं एक छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं. खट्‌कन वीज गेली तर डबी जिवंत आहे, लिव्हर वर करून पुन्हा चालू करा. नाही गेली तर डबी बदला. मात्र या बटणाने अर्थिंग (गळका करंट जमिनीत नेणारी तिसरी वायर) तपासलं जात नाही. ते डबीच्या आतच खोटी गळती तयार करतं, त्यामुळे घराला अर्थिंग अजिबात नसलं तरी बटण चालतं. आणि कोणी एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला तर ही डबी काहीच करू शकत नाही, कारण तिच्या दृष्टीने जेवढं गेलं तेवढं परत आलेलं असतं.

अर्थिंग वेगळं तपासायला लागतं. इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर लावायला सांगा: फेज आणि अर्थिंगमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्ट किंवा त्याहून कमी. टेस्टरचा दिवा पेटला म्हणजे फेज आहे एवढंच कळतं, अर्थिंगबद्दल टेस्टर काहीही सांगत नाही. अर्थिंग चांगलं असेल तर उपकरणात गळती सुरू झाल्याबरोबर डबी ट्रिप होते. नसेल तर तुम्ही हात लावल्यावर होते. म्हणून दोन्ही हवीत. गिरगाव, लालबाग, परळच्या जुन्या चाळींत अजून कुठे कुठे दोन पिनांचे सॉकेट आणि चिनी मातीचे किटकॅट फ्यूज दिसतात. तिथे आधी अर्थिंगची वायर ओढून घेणं, मगच गिझर आणि वॉशिंग मशीन लावणं, हाच क्रम ठेवा.

आता गळती शोधायची कशी. हे तुम्ही स्वतः करू शकता, उघड्या वायरीला हात लावावा लागत नाही. डबी परत बसली की सगळे एमसीबी खाली पाडा आणि ईएलसीबी वर करा. तो टिकला तर एकेक एमसीबी वर करत जा. ज्याला हात लावल्यावर ईएलसीबी पडेल, त्या लाइनवर दोष आहे. मग त्या लाइनवरचे सगळे प्लग सॉकेटमधून ओढून बाहेर काढा आणि एकेक परत लावत जा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. बटण आणि एका पोलचा एमसीबी फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. एखाद्या उपकरणात न्यूट्रल अर्थिंगला टेकलेला असेल तर त्याचं बटण बंद असूनही डबी पडत राहते, आणि मग 'सगळं बंद केलं तरी ट्रिप होतंय, म्हणजे डबीच खराब' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. तुमच्या माणसाने बहुतेक हेच केलं असणार. डबीतून बाहेर जाणाऱ्या सगळ्या वायरी सोडवल्या आणि तरी ती टिकली नाही, तरच ती खराब. ही शेवटची तपासणी मात्र इलेक्ट्रिशियननेच करायची.

सकाळी ट्रिप होतं म्हणजे पहिला संशय गिझरवर. पाऊस सुरू झाल्यावर वाढलं म्हणजे दुसरा संशय बाल्कनीतला किंवा खिडकीबाहेरचा पॉइंट आणि एसीचं बाहेरचं युनिट. आधी हेच बघा.

एमसीबी ही वेगळी गोष्ट आहे, पण एमसीबी आणि ईएलसीबी एकच समजले जातात. एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही. दिवे-पंख्यांना दीड एमएमची (म्हणजे चौरस मिलीमीटरची) वायर आणि ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी, गिझर-मायक्रोवेव्हच्या मोठ्या पॉइंटला अडीच एमएम आणि १६ अँपिअर, एसीला साधारण चार एमएम आणि २० किंवा २५ अँपिअर, असा हिशोब असतो. एमसीबी सारखा पडतो म्हणून १६ चा काढून ३२ चा बसवला, तर पडणं थांबतं, पण अडीच एमएमच्या वायरीतून आता तिला झेपणार नाही एवढा करंट जाऊ शकतो आणि ती भिंतीच्या आत पाइपमध्ये तापत राहते. बोर्डाचं झाकण उघडून एमसीबीवरचा आकडा आज वाचून ठेवा. सी १६ लिहिलं असेल तर १६ अँपिअर. काम करून गेल्यावर तो आकडा बदललेला दिसला तर कारण विचारा.

एमसीबी कसा पडतो यावरूनही कळतं. वर केल्याबरोबर लगेच पडला तर शॉर्ट आहे, पुन्हा पुन्हा वर करून बघू नका. दहा-वीस मिनिटांनी पडला तर लोड जास्त आहे. उपकरणावरचे वॅट भागिले २३०, म्हणजे अँपिअर आले. २००० वॅटचा गिझर किंवा इंडक्शन ८.७, १५०० वॅटची किटली ६.५. म्हणजे ही किटलीसुद्धा ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटची वस्तू नाही, आणि मोबाइलसाठी आणलेल्या एक्स्टेंशन बोर्डाची तर नाहीच. शिवाय थोड्या जादा लोडला एमसीबी लगेच पडत नाही. १६ अँपिअरचा एमसीबी १८ अँपिअर तासभर आणि त्याहून जास्त वेळ सोसू शकतो, तो तसाच बनवलेला असतो.

एक दोष मात्र एमसीबीलाही दिसत नाही आणि ईएलसीबीलाही: ढिला जोड. करंट नेहमीएवढाच असतो, गळती नसते, फक्त स्क्रूखाली वायर नीट दाबलेली नसते आणि तिथे उष्णता तयार होते. घरातल्या कितीतरी आगी इथून सुरू होतात आणि हे ओळखायला डोळे आणि नाक पुरतं. गिझर अर्धा तास चालवा, बटण बंद करा, प्लग काढा आणि पिना बघा. कोमट असतील तर ठीक. बोट टेकवत नसेल, पितळेवर काळपट निळसर डाग असतील, सॉकेटच्या भोकांभोवती प्लॅस्टिक पिवळं-तपकिरी झालं असेल किंवा जळक्या माशासारखा वास येत असेल, तर तो सॉकेट वापरणं थांबवा. आतली स्प्रिंग सैल झालेली असते आणि वायरीचं टोकही करपलेलं असतं. सॉकेट आणि प्लग दोन्ही बदलायचे, वायरीचं जळलेलं टोक कापून ताजं तांबं स्क्रूखाली घ्यायचं. नुसता प्लग बदलून महिन्याभरात तेच होतं.

मेन स्विच दोन ठिकाणी असतो: घरातल्या बोर्डात आणि खाली मीटर रूममध्ये. दोन्ही दोघांनीही एकदा स्वतः बंद-चालू करून बघा. कोणाला करंटने धरलं तर आधी मेन पाडायचा, मग माणसाला हात लावायचा. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर सारायची. मीटर रूममध्ये पाणी शिरलं असेल तर तिथे पाऊल टाकायचं नाही, महावितरणला फोन करून बाहेरून वीज तोडायला सांगायचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला होता. तळमजल्यावरच्या मीटर रूमची जागा किती कच्ची असते हे तेव्हापासून मुंबईत वेगळं सांगावं लागत नाही.

गिझर. टाकीच्या आत एक एलिमेंट म्हणजे कॉइल, एक थर्मोस्टॅट (पाणी ठरलेलं तापलं की वीज तोडणारा), एक कटआउट (फारच तापलं तर वीज तोडणारा) आणि एक मॅग्नेशियमची कांडी, ज्याला अॅनोड म्हणतात. पाणी टाकीऐवजी त्या कांडीला खातं, म्हणून टाकी टिकते. महापालिकेचं तलावांमधून येणारं पाणी मऊ असतं, त्यात कांडी आणि कॉइल बरीच टिकते. सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर कॉइलवर पांढरा थर चढतो, ती आतल्या आत जास्त तापते, तिच्या आवरणाला बारीक भेग जाते आणि पाण्यात करंट उतरतो. तुमच्या सकाळच्या ट्रिपचं कारण बहुधा असंच काहीतरी असेल. मेकॅनिकला ५०० व्होल्टच्या मेगरने कॉइल आणि टाकी यांच्यामधला रोध मोजायला सांगा. एक मेगाओहमपेक्षा कमी आला तर कॉइल बदलायची. त्याच वेळी अॅनोड उघडून बघायला सांगा, पेन्सिलीएवढा बारीक झाला असेल तर तोही बदला. नवीन कॉइल बसल्यावर पाणी पूर्ण तापेपर्यंत गिझर चालवून बघा, कारण काही गळत्या गार असताना दिसत नाहीत, तापल्यावरच उघड्या पडतात. आणि टाकीत पाणी भरलंय, गरम पाण्याच्या नळातून धार येतेय, हे पाहिल्याशिवाय बटण लावू नका. कोरडी कॉइल काही क्षणांत जळते.

गिझरच्या खाली थंड पाण्याच्या बाजूला एक पितळी व्हॉल्व्ह असतो आणि त्यातून पाणी तापताना थेंब थेंब पडतं. हे गळणं नाही. पाणी २७ अंशांवरून ६० वर गेलं की फुगतं, १५ लिटरमागे साधारण २०० मिली, आणि परत मागे जायला वाट नसल्यामुळे ते या व्हॉल्व्हमधून बाहेर येतं. जमीन ओली होते म्हणून ते भोक टेफ्लॉनने किंवा एम-सीलने बुजवलेलं जागोजागी दिसतं. कृपा करून हे कधीही करू नका. थर्मोस्टॅट चिकटला तर टाकीतला दाब बाहेर पडायचा तो एकच रस्ता आहे. त्याला बारीक नळी जोडून ती न्हाणीत सोडा. पाणी तापत नसतानाही धार चालू असेल, तर व्हॉल्व्ह खराब आहे किंवा इमारतीचा दाब जास्त आहे. गच्चीवरच्या टाकीपासून दर १० मीटर खाली साधारण १ बार दाब वाढतो, म्हणून उंच टॉवरमध्ये खालच्या मजल्यांसाठी ८ बारचा गिझर बघून घ्यावा. १५ लिटर पाणी २००० वॅटवर तेवढं तापायला १७-१८ मिनिटं पुरतात, म्हणजे अर्ध्या युनिटहून थोडं जास्त. रात्रभर चालू ठेवायचं काही कारण नाही.

गॅसचा गिझर बाथरूमच्या आत नकोच, कोणी कितीही स्वस्त लावून देत असलं तरी. बंद खोलीत हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, डोळ्यांत झोंबत नाही, माणूस न कळता बेशुद्ध होतो.

शेगडीचा जाळ निळा असावा. पिवळा झाला, भांड्याच्या बुडाला काजळी धरली, तर बर्नरची भोकं बुजलीत किंवा हवेचं तोंड चुकलंय. पाइपचा गॅस आणि सिलिंडर यांचे जेट (गॅस बाहेर येण्याचं बारीक भोक) वेगवेगळे असतात. सिलिंडरची शेगडी पाइपला जोडायची तर जेट बदलावा लागतो आणि ते काम गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यायचं. पाइपच्या गॅसचा कॉक पाइपच्या रेषेत असेल तर चालू, आडवा असेल तर बंद. रात्री आडवा करून झोपा.

गळती झाली तर दोन्ही गॅस उलट वागतात. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत, ओट्याखाली, बेडखाली साठतो. पाइपचा गॅस हलका, तो छताकडे जातो. म्हणून सिलिंडर असेल तर दार आणि बाल्कनी आधी उघडायची, पाइपचा असेल तर वरच्या खिडक्या. दोन्ही वेळी आधी व्हॉल्व्ह बंद, आणि कुठल्याही बटणाला हात नाही, चालू करायलाही नाही आणि बंद करायलाही नाही. एक्झॉस्ट फॅन तर अजिबात नाही. मग घराबाहेर जाऊन फोन. सिलिंडरसाठी १९०६, पाइपसाठी बिलावर छापलेला आपत्कालीन नंबर. जोड तपासायचा असेल तर साबणाचं पाणी लावायचं, काडी पेटवून कधीही नाही. नारिंगी सुरक्षा होजवर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी ती बदला, मधे भेगा दिसल्या तर लगेच. सिलिंडर घेताना वरच्या पट्टीवर आतल्या बाजूला ए, बी, सी किंवा डी आणि वर्षाचे दोन आकडे बघा. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबरपर्यंत, डी डिसेंबरपर्यंत. ती मुदत उलटलेला सिलिंडर घेऊ नका, बदलून मागायचा तुमचा हक्क आहे.

एसीबद्दल एकच सांगतो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे जातात. 'गॅस कमी झालाय, दरवर्षी भरावा लागतो' हे खरं नाही. एसीचा गॅस बंद नळीत फिरतो, तो वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. वरळी, वांद्रे, वर्सोव्यासारख्या खाऱ्या हवेच्या भागात बाहेरची कॉइल लवकर गंजते हे खरं, पण तेव्हाही आधी नायट्रोजन भरून गळती शोधायची, जोडाला डाग द्यायचा, व्हॅक्यूम करायचं आणि मग बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीत लिहिलेल्या वजनाएवढाच गॅस काट्यावर तोलून भरायचा. गळती न शोधता भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुन्हा गेलेला असतो. गार होत नाही म्हणून मेकॅनिकला बोलवायच्या आधी जाळी काढून नळाखाली धुवा, मे महिन्यात दर पंधरा दिवसांनी. जाळी तुंबली की हवा कमी जाते, कॉइलवर बर्फ धरतो आणि तोच वितळून घरात पाणी टपकतं.

कोणताही मेकॅनिक आला की त्याला विचारा: काय बिघडलं, ते कशावरून कळलं, आणि काढलेला भाग कुठे आहे. मीटर लावून मोजणारा माणूस या प्रश्नांना चिडत नाही. जुना भाग घरीच ठेवून घ्या. बोर्डातल्या प्रत्येक एमसीबीखाली कागदाची पट्टी चिकटवून 'गिझर', 'हॉल', 'एसी' असं मराठीत लिहा, म्हणजे घरात काम करणाऱ्या ताईंना आणि गावाहून आलेल्या आई-वडिलांनाही कळेल.

पाण्याचे कॉक राहिले. बाथरूम, स्वयंपाकघर आणि फ्लश यांचे कॉक वेगळे असतात, ते शोधून सहा महिन्यांतून एकदा पूर्ण बंद-चालू करा. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक ऐन वेळी अर्ध्यावर अडकतो. बेसिनखालची जाळीची नळी टोकाशी गंजलेली दिसली तर फुटायची वाट न बघता बदला. बाहेरगावी जाताना सगळे कॉक बंद, कारण पाणी गेलेलं असताना उघडा राहिलेला नळ पाणी आल्यावर खालच्या मजल्याच्या छतातून कळतो. आणि फ्लशची टाकी रात्री आपोआप भरल्याचा आवाज येत असेल तर टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका, वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर टाकीच्या तळाचं रबरी सील गेलंय. कॉक बंद करून जुनं सील काढा आणि तेच दुकानात नेऊन त्याच मापाचं आणा.